समुद्राच्या रेतीला इतकी वर्षं रिकामी का समजलं गेलं

बडोद्यात जीएसएफसी या कंपनीचं खत १९६७ पासून निघतंय, त्यामुळे नायट्रोजन म्हटलं की आम्हाला आधी युरियाची गोणी आठवते, पण त्या गोणीतलं सगळंच पिकाला लागत नाही, उरलेलं नायट्रेट, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारं नायट्रोजनचं रूप, होऊन पावसात वाहतं, आणि ढाढर, मही करत खंबातच्या आखातापर्यंत जाऊ शकतं. समुद्रात ते फार झालं की शेवाळ माजतं, मग कुजताना ऑक्सिजन खातं.

हे नायट्रेट परत साध्या नायट्रोजन वायूत बदलून हवेत सोडणारे बॅक्टेरिया असतात, या क्रियेला डिनायट्रिफिकेशन म्हणतात. गेयों आणि ड्युपेती या दोन फ्रेंच संशोधकांनी १८८० च्या दशकातच त्यावर काम केलं होतं. त्याला ऑक्सिजन नसलेली जागा लागते आणि खायला सेंद्रिय पदार्थ लागतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष चिखलाकडे गेलं. रेतीत सेंद्रिय फार कमी सापडतं, तेव्हा तिथे काय होणार, असं धरून चालले.

मला यातली खरी चूक मोजण्याच्या पद्धतीत वाटते. तळातून नळीत गाळ काढायचा, वर पाणी भरायचं आणि ते नुसतं हलवत ठेवायचं. चिखलाला हे चालतं, त्यात तसंही सगळं हळूहळू झिरपतच जातं. पण रेतीत लाटा आणि भरती-ओहोटीचा दाब लहरींसारख्या उंचवट्यांवर पडतो, एका बाजूने पाणी आत ढकललं जातं, माथ्यापाशी बाहेर येतं, सोबत नवं नायट्रेट आणि खाणं आणतं, आणि नळीत नेमकं हेच बंद पडतं. ह्युटेल आणि गुस्ट या संशोधकांनी १९९२ मध्ये वाहत्या पाण्याच्या टाकीत हा प्रवाह दाखवला. पुढे रेतीतून पाणी वाहतं ठेवून मोजल्यावर युरोपातल्या नॉर्थ सीच्या वाडेन किनाऱ्यावर डिनायट्रिफिकेशनचा चांगलाच वेग मिळाला, आणि तिथले काही बॅक्टेरिया ऑक्सिजन असतानाही नायट्रेट वापरताना दिसले, म्हणजे जुना नियमही पूर्ण नव्हता.

आश्चर्य याचं की लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्स या पाणीपुरवठा कंपनीने १८२९ मध्येच रेतीतून पाणी गाळायला सुरुवात केली होती. तिथे रेतीवर जगणारा बॅक्टेरियांचा थर पाणी साफ करतो, पण तेही पाणी वाहत राहिलं तरच. आणि खंडांभोवतीच्या उथळ समुद्रतळाचा बराच मोठा भाग रेतीचाच आहे, तरी किनाऱ्यावरच्या नायट्रोजनचा हिशोब कितीतरी वर्षं चिखलाच्या आकड्यांवर चालला.