रक्तात किती, फाइलीत किती

नागपूरला वर्धा रोडवर, मध्यवर्ती कारागृहापासून जवळच्या टपरीवर परवा तर्री-पोहे खात होतो. पेपरात चाकूहल्ल्याची बातमी होती, आरोपी नुकताच जामिनावर सुटलेला. शेजारचे काका म्हणाले, "रक्तातच हाये ना बाप्पा त्याच्या! सुटला का पुन्हा काढते चाकू, पाहून घे."

काकांनी एका दमात दोन दावे केले. दुसऱ्यात बरंच तथ्य आहे. पहिल्याचं गाडं मात्र अडतं.

आधी दुसरा दावा. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी सायकोपॅथी, म्हणजे पश्चात्ताप नसलेला थंड आणि बेदरकार स्वभाव, मोजण्यासाठी 20 मुद्द्यांची यादी केली. प्रत्येक मुद्द्याला 0, 1 किंवा 2 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 40. उत्तर अमेरिकेत 30 किंवा त्याहून जास्त गुण आले की माणूस सायकोपॅथ धरला जातो. रविवारच्या पुरवणीतल्या 'स्वतःला ओळखा' छापाची ही प्रश्नावली नव्हे. प्रशिक्षित तज्ज्ञ कैद्याशी तासन् तास बोलतो आणि त्याची फाइल चाळतो: जुने खटले, शाळेतल्या तक्रारी, तुरुंगातली वागणूक. फाइल हवीच, कारण गोड बोलणं आणि सराईत थापा मारणं हे यादीतलेच दोन मुद्दे आहेत.

यादीचे ढोबळ दोन भाग पडतात. एकात मनाचा थंडपणा: पश्चात्ताप नाही, दुसऱ्याच्या रडण्याने काळीज हलत नाही. दुसऱ्यात वागणं: उतावीळपणा, चटकन भडकणं, लहानपणापासूनची दांडगाई. सिनेमावाल्यांचा जीव पहिल्या भागावर. पण पुन्हा हिंसा कोण करील याचा अंदाज दुसऱ्या भागावरूनच जास्त बरा येतो, असं अनेक अभ्यास एकत्र मांडल्यावर दिसलं.

नागपूरच्याच कस्तुरबानगर या वस्तीतल्या बायकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. वस्तीला छळणारा गुंड पकडला जायचा, सुटून परत यायचा आणि पुन्हा तेच करायचा. 13 ऑगस्ट 2004 ला जमावाने त्याला नागपूरच्या कोर्टातच ठार मारलं. त्याला सायकोपॅथ म्हणायचा मोह होतो, पण दुरून निदान होत नसतं.

आता 'रक्तात'. थंडपणासारख्या गुणांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण निम्मा वाटा जुळ्यांच्या अभ्यासांत अनुवंशाकडे जातो. हा हिशेब लोकसंख्येचा, एकट्यादुकट्या आरोपीचा नाही. 2002 साली न्यूझीलंडच्या डुनेडिनमधून एमएओए या जनुकाची बातमी आली. मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) या जनुकामुळे तयार होतं. जन्मापासून पाहणीत असलेल्या 442 मुलग्यांपैकी ज्यांचं हे विकर मंद होतं आणि लहानपणी छळही झाला होता, असे 12 टक्के होते. हिंसक गुन्ह्यांच्या 44 टक्के शिक्षा त्यांच्याच नावावर होत्या. सगळी गोम त्या 'आणि'मध्ये आहे. मंद विकर तर एक तृतीयांशाहून जास्त मुलांत होतं, आणि छळ न झालेले त्यातले बाकीच्यांहून हिंसक निघाले नाहीत. शिवाय हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणजे मुलग्याला ते आईकडूनच येतं. 'बापावर गेला' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत!

डेन्मार्कमधल्या 14,427 दत्तक मुलांच्या नोंदी तर त्याहून कोड्यात टाकतात. जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल, तर मुलं मालमत्तेच्या गुन्ह्यांत अडकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हिंसक गुन्ह्यांत तसा दुवा सापडला नाही.

जन्मावरून गुन्हेगार ओळखण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. 1871 च्या इंग्रजी कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्या 31 ऑगस्ट 1952 ला विमुक्त झाल्या. चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, येतात, ही विदर्भातल्या पारध्यांची तक्रार अजून थांबलेली नाही.

अमेरिकेत 2012 साली 181 न्यायाधीशांपुढे एक काल्पनिक खटला ठेवला होता. आरोपी सायकोपॅथ आहे हे सगळ्यांना सांगितलं. त्याच्या जनुकांत आणि मेंदूत याचं कारण आहे, हे मात्र फक्त काहींना. ज्यांना कारण सांगितलं, त्यांनी सरासरी सुमारे एक वर्ष कमी शिक्षा दिली. काकांचं 'रक्तातच हाये' तिथे आरोपीच्या पथ्यावर पडलं.