उएनोचा तलाव आणि त्यातली सरस्वती

टोकियोच्या उएनो पार्कमध्ये भर उन्हाळ्यात गेलात, तर तलाव समोर असूनही पाणी दिसत नाही. कठड्यापाशी उभं राहिलं की दिसतात ती छातीपर्यंत उंच दांड्यांवरची कमळाची पानं, पार पलीकडच्या काठापर्यंत. वारा सुटला की ती कलंडतात, खालची फिकी बाजू वर येते आणि सगळा हिरवा पसारा क्षणभर पांढुरका होतो. फुलं बघायची तर जुलै-ऑगस्टात, तेही सकाळी लवकर. ऊन चढलं की ती मिटायला लागतात. हा शिनोबाझु तलाव. त्याच्या मध्यावर एक बेट, बेटावर अष्टकोनी देऊळ, आणि देवळात बेनझाईतेन, म्हणजे आपली सरस्वती.

हा तलाव कोणी खणलेला नाही. फार पूर्वी टोकियोच्या उपसागराचं पाणी इथवर आत आलेलं होतं. समुद्र मागे सरला आणि सखल जागी पाणी राहिलं, ते हेच. त्याला अर्थ चिकटला तो १६२५ साली. तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांनी, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशांनी, एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, सत्तेचं ठाणं मांडलं होतं. त्यांचा सल्लागार तेनकाई हा तेंदाई पंथाचा बौद्ध भिक्षू. जुन्या राजधानीचं, क्योतोचं, रक्षण तिच्या ईशान्येला असलेला हिएई डोंगर आणि त्यावरचा एनर्याकु-जी मठ करतो, अशी जुनी श्रद्धा. एदोलाही तसाच पहारेकरी हवा, म्हणून किल्ल्याच्या ईशान्येला उएनोच्या टेकडीवर कानएइ-जी हे मंदिर उभं राहिलं. गंमत अशी की, आपण ज्या ईशान्य कोपऱ्यात हौसेने देवघर मांडतो, तीच दिशा जपानी समजुतीत भुताखेतांच्या प्रवेशाची.

हिएईच्या पायथ्याशी बिवा नावाचं सरोवर आहे. उएनोची टेकडी हिएई झाली, मग तिच्या पायथ्याचं तळं ओघानेच बिवा ठरलं. बिवात चिकुबु नावाचं बेट आहे आणि तिथे बेनझाईतेनचं जुनं ठाणं आहे. म्हणून इथेही भर टाकून बेट केलं, देऊळ बांधलं. सुरुवातीला दर्शनाला होडीतून जावं लागे, पुढे वाट झाली. सरस्वती इथवर आली ती बौद्ध ग्रंथांतून, चीनमार्गे. ‘सुवर्णप्रभास’ सूत्रात तिचं वर्णन आठ हातांची, शस्त्रं धारण करणारी असं आहे, आणि उएनोची देवी अष्टभुजाच आहे. वीणेच्या जागी तिच्या नावाशी जोडलेलं वाद्य म्हणजे बिवा. सरोवराचं नावही तेच. वाहन हंस नव्हे, तर तिचा दूत मानतात साप. विद्येबरोबर पैशाचं खातंही तिच्याकडेच असल्यामुळे भक्तांची वाण नाही.

१८६८ साली शोगुनशाही कोसळली. तिच्या बाजूचे शोगिताई सैनिक उएनोच्या टेकडीवर ठाण मांडून बसले. सम्राटाच्या फौजेने तलावापलीकडच्या उंचवट्यावरून, आज जिथे टोकियो विद्यापीठ आहे तिथून, आर्मस्ट्राँग तोफा डागल्या. गोळे तलावावरून टेकडीवर येत होते. लढाई एका दिवसात आटोपली आणि कानएइ-जीचा बहुतेक भाग जळून गेला.

मोकळ्या झालेल्या टेकडीवर वैद्यकीय शाळा आणि इस्पितळ काढायचं ठरत होतं. बाउदुइन नावाच्या डच डॉक्टराने जागा पाहिली आणि इथे बाग करा, असं सुचवलं. १८७३ साली उएनो हे जपानच्या पहिल्या सार्वजनिक उद्यानांपैकी एक ठरलं. शंभर वर्षांनी, १९७३ मध्ये, कृतज्ञता म्हणून या डॉक्टराचा अर्धपुतळा बसवला, पण छायाचित्रांचा घोळ होऊन चेहरा आला त्याच्या भावाचा! ही चूक २००६ मध्ये दुरुस्त झाली.

तलावाच्या मागे मात्र लोक लागलेलेच होते. १८८४ मध्ये त्याच्या कडेकडेने घोड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक झाला. सम्राट मेइजी शर्यती बघायला आले. १८९२ पर्यंत हा शौक चालला. १९०७ च्या औद्योगिक प्रदर्शनात काठावरच्या इमारतींना विजेच्या दिव्यांची रोषणाई केली, तिचं प्रतिबिंब पाण्यात बघायला टोकियो लोटलं. १९२४ मध्ये राजघराण्याने उद्यान शहराला देऊन टाकलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई झाली, तेव्हा तलाव आटवून चक्क शेती केली. शहराच्या मध्यावर भात उभं राहिलं. युद्ध संपल्यावर बुजवून बेसबॉलचं मैदान करण्याचा बेत निघाला. विरोध झाला, बराच वाद झाला, आणि १९४९ मध्ये तलाव तलावच ठेवायचं ठरलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच खरा नाजूक क्षण. त्याच वर्षी शेजारच्या प्राणिसंग्रहालयात नेहरूंनी पाठवलेली ‘इंदिरा’ हत्तीण दाखल झाली, हा योगायोग.

आज बांधांमुळे तलावाचे तीन भाग आहेत: एक कमळांचा, एक होड्यांचा आणि एक पाणकावळ्यांचा. तिसरा प्राणिसंग्रहालयाच्या हद्दीत येतो. जुनं देऊळ १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. दिसतं ते १९५८ चं. त्याच्या अंगणात शिळांची दाटी आहे, ती घाईत बघू नये. वापरून झिजलेल्या स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी एक, चष्म्यांसाठी एक, खाल्ल्या गेलेल्या फुगू माशांसाठी एक. कासवाचं कालवण करून पोट भरणाऱ्यांनी कासवांचे आभार मानायला उभारलेलीही एक आहे.