रेषा की स्तंभ? सातवीच्या ग्राफमागची जुनी भानगड

माझी भाची सातवीत आहे, तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत सायन्सचा प्रोजेक्ट होता, आठवडाभर दुपारी दोनचं तापमान लिहायचं, गल्लीतली झाडं मोजायची अन् दोन्हीचे ग्राफ काढायचे. पोरीनं दोन्हीकडे ठिपके देऊन रेषा ओढून दिली. तापमानाचं ठीक आहे, पण कडुनिंबापासून गुलमोहरापर्यंत रेषा? मी म्हटलं, मधात कोणतं झाड येते बापा? तर म्हणे, मामा, ग्राफ काढा एवढंच लिहिलंय, कोणता ते कुठं लिहिलंय.

खरं तर हा घोळ व्हायचाच, कारण रेषेचा अन् स्तंभांचा, दोन्ही ग्राफ एकाच माणसानं एकाच पुस्तकात छापले. विल्यम प्लेफेअर, स्कॉटलंडचा. वडील लहानपणीच गेले, मोठा भाऊ जॉन गणितातला, त्यानं याला थर्मामीटरची रोजची नोंद ठेवायला लावली, अन् तीही आकड्यांत नाही, खुणा केलेल्या पट्टीवर रेषा काढून. म्हणजे भाचीचाच प्रोजेक्ट, अडीचशे वर्षांपूर्वीचा! पुढे तो वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॉटकडे ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे-आराखडे काढणारा होता, आणि 1786 मध्ये त्यानं इंग्लंडच्या व्यापाराचा अ‍ॅटलस काढला. त्यात 44 आलेख, पैकी 43 काळानुसार बदल दाखवणारे. राहिला एक, स्कॉटलंडचा. त्याच्याकडे स्कॉटलंडचे फक्त 1780-81 या एका वर्षाचे आयात-निर्यातीचे आकडे होते, आता एका वर्षाची रेषा कशी ओढणार, म्हणून त्यानं देशागणिक आडव्या पट्ट्या काढल्या. स्तंभालेख असा नाइलाजानं जन्मला, अन् हा आलेख बाकीच्यांपेक्षा कमी कामाचा आहे असं प्लेफेअरनं स्वतःच लिहून ठेवलंय. आज शाळाशाळांत तोच शिकवतात. वृत्तालेखही, म्हणजे पाय चार्टही, त्याचाच, 1801 चा.

आयतालेख मात्र नंतरचा, त्याचं हिस्टोग्राम हे नाव कार्ल पिअर्सननं 1890 च्या दशकात दिलं. त्यात पट्ट्या एकमेकींना चिकटून असतात कारण उंची, वजन अशी सलग सामग्री असते, एक गट संपला की लगेच दुसरा सुरू. आमचे पोट्टे मधात जागा सोडतात अन् अर्धा मार्क घालवतात.

कोणत्या सामग्रीला काय चालते याची नीट मांडणी व्हायला 1946 उजाडलं. माणसाला आवाज किती मोठा वाटला हे मोजता येते का, यावर ब्रिटनमधली एक कमिटी कित्येक वर्षं भांडत बसली होती, त्यावर उत्तर म्हणून हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञानं मोजणीचे चार प्रकार सांगितले. आपल्या संत्र्यावर सांगतो. आंबिया बहार की मृग बहार, म्हणजे फळ कोणत्या हंगामाचं, हे नुसतं नाव. पहिला दर्जा, दुसरा दर्जा, हा क्रम, पण दोघांत फरक किती ते कळत नाही. पेटीचं वजन किलोत, तिथं शून्य म्हणजे खरंच काही नाही, म्हणून 20 किलो म्हणजे 10 च्या दुप्पट. आणि सेल्सिअस? तिथं शून्य म्हणजे पाणी गोठायची खूण, उष्णता संपली असं नाही. म्हणून मे महिन्यातलं 44 हे जानेवारीतल्या 22 च्या दुप्पट गरम नसते, केल्व्हिनमध्ये, म्हणजे खऱ्या शून्यापासून मोजणाऱ्या मापात बघा, 317 अन् 295 होतात. हे भाचीला पटवताना मला दोन चहा लागले, घामानं शर्ट भिजला असताना हे पटतही नाही म्हणा.

2024 च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर 56 अंश दिसले होते, अन् हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं होतं. मी भाचीला विचारलं, हा ठिपका तुझ्या रेषेत जोडशील का? ती म्हणे, आधी बाजूच्या केंद्रांचं किती होतं ते सांग. मग तिनं झाडांची रेषा खोडून स्तंभ काढले, खोडता खोडता कागद फाटला, तर सेलोटेप लावून गुलमोहराचा स्तंभ त्यावरच रंगवला.