आरएनएवाल्यांची सोसायटी

"मावशी, सॅम्पल गेलं."

रात्री साडेअकराला भाचीचा फोन. पाषाणकडच्या एका प्रयोगशाळेत ती पीएचडी करते, त्यामुळे हे वाक्य मला नवं नाही. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर जेलचा, म्हणजे आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवणाऱ्या थराचा, फोटो आला. त्यावर दोन स्वच्छ पट्टे दिसायला हवे होते, वरचा खालच्याच्या जवळपास दुप्पट ठळक. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद रेणू, जनुकांतला मजकूर प्रथिनांपर्यंत पोचवणारा; आणि हे पट्टे रायबोसोम या पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातल्या आरएनएचे. ते धड दिसले की बाकीचा आरएनएही शाबूत आहे असं धरून चालतात. हिच्या जेलवर मात्र वरपासून खालपर्यंत नुसता फरकाटा होता. लॅबमध्ये त्याला स्मिअर म्हणतात. तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

आरएनए मुळातच नाजूक. डीएनएच्या साखरेवर नसलेला एक हायड्रॉक्सिल गट त्याच्या साखरेवर असतो, आणि संधी मिळाली की हा घरभेदीच साखळीचा शेजारचा सांधा तोडतो. शिवाय आरएनए खाणारी विकरं, म्हणजे आरएनएज, आपल्या बोटांवर, घामात, थुंकीत, सगळीकडे. त्यातली काही इतकी चिवट, की उकळून काढली तरी गार झाल्यावर पुन्हा घडी घालून कामाला लागतात. म्हणून हातमोजे, बर्फ, उणे 80 अंशांचा फ्रीझर, आणि मध्येच फोन उचलला तर हातमोजे बदलायचे. "पणजीचं सोवळं यापेक्षा सोपं असेल," असं भाची म्हणते. मला तेवढी खात्री नाही.

अशा वेळी पुस्तकाचा फारसा उपयोग होत नाही. ज्याचं सॅम्पल आधी गेलंय त्यालाच विचारावं लागतं. आरएनएच्या जगाचा इतिहास वाचताना मला वाटतं, या माणसांना एकमेकांना विचारायची सवय लागली त्यात या रेणूच्या नखऱ्यांचाही हात असावा.

सुरुवात मात्र अगदी उलटी होती. 1954 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो आणि जेम्स वॉटसन यांनी 'आरएनए टाय क्लब' काढला. प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात, म्हणून सभासद 20, प्रत्येकाच्या नावावर एक अमिनो आम्ल. शिवाय आरएनएचा मजकूर ज्या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, त्यांच्या नावाचे चार मानद सभासद. सर्वांना आरएनएची नक्षी असलेला टाय. फाइनमन आणि टेलर हे भौतिकशास्त्रज्ञ होते, वॉटसनबरोबर डीएनएची रचना उलगडणारे क्रिक होते. बाई एकही नव्हती, आणि आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. हा क्लब पूर्ण संख्येने एकत्र कधी बसलाच नाही म्हणतात. पण पत्रव्यवहार जोरदार. 1955 मध्ये क्रिकने सभासदांना एक टिपण धाडलं: आरएनएवरचा मजकूर आणि अमिनो आम्लं यांच्यामध्ये एखादा दुभाषी रेणू असला पाहिजे. हे टिपण त्याने रीतसर छापलं नाही, पण तो दुभाषी, म्हणजे ट्रान्सफर आरएनए, पुढे काही वर्षांत खरोखरच सापडला. नुसत्या तर्काने इतकं अचूक बोट ठेवलेलं विज्ञानात फार थोड्या वेळा दिसतं.

तरीही अनुवंशाच्या लिपीतला पहिला शब्द टायवाल्यांना वाचता आला नाही. तो वाचला मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिक मथाई या क्लबबाहेरच्या दोघांनी, 1961 मध्ये, अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे. पेशींच्या रसात त्यांनी नुसत्या 'यू' अक्षराची लांबच लांब आरएनए साखळी टाकली. बाहेर आलं फेनिलअ‍ॅलॅनिन या एकाच अमिनो आम्लाचं प्रथिन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निरेनबर्गने हे मोजक्या लोकांपुढे वाचलं. त्या मोजक्यांत बसलेल्या मॅथ्यू मेसल्सन या जीवशास्त्रज्ञाने ते क्रिकच्या कानावर घातलं, आणि क्रिकने निरेनबर्गला मोठ्या सभागृहात तेच भाषण पुन्हा द्यायला लावलं. मला या गोष्टीत सर्वांत जास्त आवडतो तो मेसल्सन. शोध त्याचा नाही, भाषण त्याचं नाही. ऐकलं आणि योग्य माणसाला जाऊन सांगितलं, एवढंच.

1977 मध्ये जनुकाच्या आरएनएतले मधले तुकडे कापून उरलेले जोडले जातात हे कळलं. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या बैठकीत एकाहून अधिक गटांनी ते मांडलं. मग प्रश्न, ही कापाकापी करतं कोण? येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांच्या हाती धागा लागला तो ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तातून. या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. त्यातली काही नेमकी लहान आरएनए आणि प्रथिनांच्या जोडगोळ्यांना चिकटत होती, आणि कापाकापीच्या यंत्रणेत याच जोडगोळ्या होत्या.

असे विषाणूवाले, यीस्टवाले, रसायनवाले एकाच रेणूपाशी येऊन थांबायला लागले, आणि 1993 मध्ये आरएनए सोसायटी स्थापन झाली. पुण्यात सोसायटी म्हटलं की पार्किंगची भांडणं आणि मेंटेनन्सची थकबाकी डोळ्यांपुढे येते. इथेही वर्गणी आहेच, पण ती भरली की विद्यार्थ्यालाही दार उघडं. 1995 पासून 'आरएनए' नावाचं नियतकालिक निघतं. दरवर्षी उन्हाळ्यात मोठी बैठक भरते, कधी अमेरिकेत, कधी बाहेर: 2016 ला क्योटो, 2019 ला क्राकोव्ह, 2023 ला सिंगापूर, 2024 ला एडिंबरा. 2020 ला करोनामुळे सगळे पडद्यावर. संचालक मंडळात विद्यार्थी आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर संशोधन शिकणारे, यांनाही जागा असते. शिवाय 'आरएनए सलाँ' नावाने गावोगावच्या लहान बैठकांना सोसायटी थोडी मदत करते. शेजारपाजारच्या लॅबमधल्या मुलांनी जमायचं, एकमेकांचं ऐकायचं, खायचं.

पुण्याला हा रेणू परका नाही. 2020 च्या जानेवारीत केरळमधल्या देशातल्या पहिल्या करोना रुग्णाचा नमुना इथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासला गेला. त्या तपासणीत शोधत होते तो विषाणूचा आरएनएच. आणि देशातली पहिली एमआरएनए लस, म्हणजे प्रथिनाची कृती आरएनएवर लिहून शरीराला देणारी लस, हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीची, जून 2022 मध्ये मंजूर झालेली. ती वाळवून पूड केलेली असते, त्यामुळे 2 ते 8 अंशांवर, म्हणजे साध्या फ्रिजच्या थंडाव्यात टिकते. सुरुवातीच्या परदेशी एमआरएनए लशीला उणे 70 च्या आसपासचा थंडावा लागत होता. भाचीच्या जेलचा फोटो पाहिल्यावर ही पूड म्हणजे काय चीज आहे ते मला जरा समजलं.

फरकाट्याचं कारण दोन दिवसांनी निघालं. तिने तोच फोटो शेजारच्या लॅबमधल्या एका मुलाला दाखवला. त्याने एकच विचारलं, "पाणी कुठल्या बाटलीतलं घेतलंस?" बाटली सगळ्यांच्या वापरातली होती. कुणीतरी त्यात हातमोज्यांशिवाय पिपेट बुडवली असणार. मग त्याच बाटलीतलं पाणी वापरलेले आणखी दोघं निघाले.

शनिवारी संध्याकाळी ही मुलं पाषाण रस्त्यावरच्या एका टपरीवर जमतात. कुणाचं काय फसलं ते आधी, कुणाचं काय जमलं ते नंतर. नियम असा, की त्या आठवड्यात ज्याचा आरएनए गेला त्याने चहाचे पैसे द्यायचे. या वेळी बिल तिघांत वाटलं.