माथेरानला आमच्याकडे यायचं ठरलंय? मग निघण्याआधी हे वाचा

आमच्याकडे खोली घेतल्याबद्दल आभार. हे पत्रक आम्ही पाहुण्यांना निघण्याआधीच पाठवतो, कारण यातल्या निम्म्या गोष्टी दस्तुरी नाक्यावर, म्हणजे गाड्या जिथे थांबतात तिथे, पोहोचल्यावर कळून काही उपयोग नसतो.

पहिली गोष्ट सगळ्यांना माहीत असते, तरी दर शनिवारी फोन येतोच: "गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येईल ना?" नाही येत. चारचाकी, दुचाकी, टॅक्सी, कुठलंच खासगी इंजिन दस्तुरीच्या पुढे येत नाही. अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीचा. गावात मिनीट्रेन आहे, अलीकडे ई-रिक्षा आल्या आहेत, बाकी सगळं पायी किंवा घोड्यावर.

याचा दुसरा अर्थ मात्र पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. सकाळच्या चहातलं दूध, नाश्त्याचे पोहे, स्वयंपाकाचा गॅस, तुमच्या पलंगावरची चादर, यातलं बरंचसं कोणीतरी हातगाडीवर ढकलत, घोड्यावर लादून किंवा डोक्यावर घेऊन वर आणलेलं असतं. आणि जे खाली न्यायचं, तेही तसंच जातं. खाली लिहिलेले जवळजवळ सगळे नियम यातूनच आले आहेत, आम्हाला पाहुण्यांना शिस्त लावायची हौस म्हणून नव्हे.

दस्तुरीपर्यंत आणि तिथून पुढे

मुंबईहून येणाऱ्यांनी कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावं. स्टेशनबाहेर दस्तुरीसाठी शेअर टॅक्सी मिळतात. घाट छोटा पण चढ खडा आहे; स्वतःची गाडी आणणार असाल तर क्लच-ब्रेक धड आहेत ना ते बघा, आणि ज्याला घाटात गाडी चालवायची सवय नाही त्याला इथे सराव करायला लावू नका. शनिवार-रविवारी वाहनतळ भरून घाटातच रांग लागते. अशा दिवशी लोकलने येणारा पाहुणा आमच्याकडे आधी पोहोचतो, हे आम्ही नेहमी बघतो.

नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्यायची. मुलांचा दर वेगळा असतो. पावती फेकू नका, मुक्काम संपेपर्यंत खिशात राहू द्या.

आता नीट वाचा. वाहनतळात उतरल्यावर कोणीतरी जवळ येऊन सांगेल की ट्रेन बंद आहे, चालत जायला फार लांब आहे, घोड्याशिवाय पर्याय नाही. यातलं काहीही तपासल्याशिवाय मानू नका. पाहुण्यांच्या अशा दिशाभुलीला कंटाळून मार्च 2025 मध्ये गावाने बेमुदत बंद पुकारला होता. इमानाने धंदा करणारे घोडेवालेही यात नाहक बदनाम होतात. दस्तुरीवरून दहा मिनिटांच्या आत पायी अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरान स्टेशनपर्यंत शटल धावते, तिकीट खिडकीवर मिळतं. निघण्याआधी आम्हाला एक फोन करा. शटल चालू आहे का, गर्दी किती आहे, ते आम्ही खरं सांगू.

चालत यायचं असेल तर बाजारपेठेपर्यंत साधारण अडीच-तीन किलोमीटर पडतात. रस्ता झाडीतून जातो, चढ अंगावर येणारा नाही. रुळांवरून चालण्याचा मोह टाळा. धुक्यात वळणापलीकडून येणारं इंजिन दिसत नाही.

सामानासाठी हमाल मिळतात. दर आधी ठरवा, पैसे थेट त्यांच्या हातात द्या. आणि बॅगा भरतानाच विचार करा. चाकांची मोठी सूटकेस लाल मातीच्या रस्त्यावर ओढली की दुसऱ्या वळणावर चाक दगडात अडकतं, आणि मग तिचं सगळं वजन कोणाच्या तरी डोक्यावर जातं. दोन रात्रींसाठी पाठीवरची पिशवी पुरते. पांढरे बूटही घरीच ठेवा. जांभ्या दगडाची ही माती उन्हाळ्यात गुडघ्यापर्यंत चढते आणि पहिल्या धुण्यात निघत नाही.

हातरिक्षा आणि ई-रिक्षा

माणसाने माणसाला ओढून न्यायच्या हातरिक्षा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करावं असा आदेश दिला. त्याच निकालात दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकना परवानगी आहे, आतल्या पायवाटांवर नाही. या दोन्ही गोष्टींवर गावात बरीच वर्षं वाद झाला. पाऊस पडला की मातीची धूप होते आणि रस्ता वाहून जातो हे खरं, आणि रस्ता गुळगुळीत झाला की गाड्यांची वाट मोकळी होते ही भीतीही खरी. आमचं मत विचाराल तर ज्यांनी उभी हयात रिक्षा ओढली, त्यांच्या हातात हँडल आलं हे चांगलंच झालं.

फक्त एक लक्षात असू द्या. ई-रिक्षा मोजक्या आहेत आणि त्या गावातल्या शाळेच्या मुलांना, म्हाताऱ्या माणसांना, आजाऱ्यांनाही लागतात. धडधाकट माणसाने रांगेत पुढे घुसून आजीबाईंची जागा घेऊ नये. तुमच्याबरोबर कोणी वयस्कर असेल किंवा चालायला त्रास असेल तर आधी कळवा, आम्ही सोय बघून ठेवतो.

घोडा

घोड्यावर बसायचं की नाही हा तुमचा प्रश्न. बसणार असाल तर दरफलक वाचा, कुठले पॉइंट आणि किती वेळ ते आधी बोलून घ्या. आम्ही घोडेवाल्यांकडून कमिशन घेत नाही, त्यामुळे कोणी "तुमच्या हॉटेलवाल्यांनीच पाठवलंय" म्हणाला तर आम्हाला विचारा.

घोडा चालत न्यायचा, पळवायचा नाही. याबद्दल आम्ही जरा हट्टी आहोत. पावसाळ्यात ओल्या पेव्हर ब्लॉकवरून नाल ठोकलेला खूर सरकतो तेव्हा घोडा आधी मागचे दोन्ही पाय फाकवून सावरायला बघतो. वर बसलेला माणूस त्याच क्षणी घाबरून लगाम खेचतो आणि दोघंही आडवे होतात. इथे घोड्यावरून पडून जिवावर बेतल्याच्या घटना घडल्या आहेत. रिकिबीत पाय फक्त चवड्यापर्यंत घाला, पूर्ण अडकवू नका, आणि हेल्मेट मागून घ्या. लहान मुलाच्या घोड्याचा दोर घोडेवाल्याच्या हातात असलाच पाहिजे. घोडा लंगडत असेल किंवा पाठीवर जखम दिसली तर त्यावर बसू नका, आणि का बसत नाही ते मोठ्याने सांगा. नुसतं मनातल्या मनात हळहळून काही बदलत नाही.

पाणी

गावाला पाणी शार्लोट तलावातून मिळतं. ते पुरत नाही म्हणून नेरळकडून उल्हास नदीचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने डोंगरावर चढवतात. आमच्या गच्चीवरच्या टाकीत जे पाणी आहे, त्यातलं काही साडेसातशे मीटर चढून आलेलं आहे. म्हणून उन्हाळ्यात आमच्याकडे आंघोळीला बादली. शॉवर आहे, पण मार्च ते पावसाळ्यापर्यंत आम्ही तो बंद ठेवतो. गरम पाणी सकाळी मिळतं, नेमकी वेळ खोलीत लिहिलेली आहे. मुक्कामात चादरी-टॉवेल रोज बदलत नाही. हवे असतील तर सांगा, तोंड वाकडं न करता बदलून देऊ.

शार्लोट तलावात उतरू नका, पाय धुऊ नका, तलावाकाठच्या पिसरनाथाच्या देवळात दर्शन घेऊन नारळाची शेंडी किंवा निर्माल्य पाण्यात सोडू नका. तुम्ही तिथे जे टाकाल ते संध्याकाळी आमच्या नळाला येतं, आणि तुमच्याही.

पिण्याचं गाळलेलं पाणी जेवणघरात ठेवलेलं असतं, हवं तितक्या वेळा बाटली भरून घ्या. आम्ही बाटलीबंद पाणी विकत नाही. त्यात थोडी कमाई बुडते, पण रिकाम्या बाटल्यांचा ढीग बघण्यापेक्षा ते परवडलं.

कचरा

4 फेब्रुवारी 2003 रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा प्रदेश, 214 चौरस किलोमीटरहून जास्त, पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळे इथे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मनाला येईल तसं बांधकाम वाढवता येत नाही. आमच्या खोल्या थोड्या जुन्या वळणाच्या का आहेत, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. (उरलेलं निम्मं म्हणजे आम्हालाच त्या तशा आवडतात.)

उष्टं आणि भाजीपाल्याचा ओला कचरा आम्ही वेगळा देतो. गावात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'निसर्गऋण' तंत्रावरचा बायोगॅस प्रकल्प आहे. अडचण असते ती सुक्या कचऱ्याची. चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाळाचे डायपर, थर्माकोल यांचं इथे काहीच होत नाही, ते हातगाडीने खाली न्यावं लागतं. म्हणून विनंती: आणलेली पाकिटं तुमच्याच पिशवीतून परत न्या. खोलीत त्यासाठी कापडी पिशवी ठेवलेली आहे, ती घरी नेली तरी चालेल. काचेच्या बाटल्या पॉइंटवर नेऊ नका. कड्यावरून भिरकावलेली बाटली दरीत 'गायब' होत नाही. खाली वाड्या आहेत, आणि तिथली ठाकर-कातकरी माणसं डोक्यावर भाजी आणि रानमेवा घेऊन अनवाणी त्याच वाटांनी वर चढतात. त्यांच्याकडून करवंदं-जांभळं जरूर घ्या आणि पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका.

माकडं

यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागतं. लालतोंडी माकडांच्या टोळ्या स्टेशनापासून पॉइंटपर्यंत सगळीकडे आहेत. प्लास्टिकच्या पिशवीची कुरकुर त्यांना चांगली कळते. पिशवी हातात दिसली की एक जण समोर बसून तुमच्याकडे बघत राहतो, तुमचं लक्ष त्याच्यावर असतं, आणि दुसरा मागून येऊन पिशवी तळातून फाडतो. बॅगेची चेनही त्यांना उघडता येते. हा सगळा उद्योग त्यांना आपणच शिकवला, बिस्किटं भरवून. खाऊ देऊ नका, फोटोपुरताही नाही. पिशवी ओढली गेली तर सोडून द्या, झटापट करू नका. चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. खोलीची खिडकी जाळीसकट बंद ठेवूनच बाहेर पडा. उघड्या खिडकीतून झालेल्या नुकसानीची भरपाई आम्ही देत नाही.

पॉइंट

लहान-मोठे धरून अडतीस सांगतात. सगळे 'करायचे' म्हणून धावू नका. सकाळी लवकर पॅनोरमा, दुपारी झाडीतल्या सावलीने इको, लुईसा आणि शार्लोटचा पट्टा, संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंट, एवढं एका दिवसाला भरपूर. गार्बट पॉइंटला जायचं तर पूर्ण सकाळ हाताशी ठेवा. जांभ्याची कड वरून भक्कम दिसते, पण पावसाने आतून पोखरलेली असते. कठड्यापलीकडे एक पाऊलही नाही. कोणी घसरलं तर दोर लावून दरीत उतरणारी गावातलीच मुलं असतात, एका सेल्फीसाठी त्यांचा जीव टांगणीला लावू नका. अंधार पडायच्या आत परत या आणि टॉर्च जवळ ठेवा. पावसाळ्यात वीज जाते, फोनची रेंजही.

पॉइंटवर स्पीकर लावू नका. खोलीतही रात्री दहानंतर आवाज बंद. त्यावर आम्ही चर्चा करत नाही.

बाजारातून जाताना हुतात्मा भाई कोटवालांचं नाव दिसेल. ते याच गावचे. भूमिगत लढ्यात असताना 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर सहकारी हिराजी पाटलांसह इंग्रजांच्या गोळीबारात मारले गेले. चिक्की आणि चपलांच्या खरेदीतून दोन मिनिटं काढून थांबा.

पाऊस, ट्रेन आणि परतीचा हिशेब

नेरळपासूनची मिनीट्रेन 1907 साली सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीने. दोन फुटी रुळांवरून सुमारे एकवीस किलोमीटरची ही वाट पावसाळ्यात बंद असते, फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालते. 26 जुलै 2005 च्या पावसाने ही लाइन वाहून गेली होती आणि पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं, यावरून या डोंगरावर पाऊस काय चीज आहे ते ओळखा. घाटरस्ता बंद झाला तर आम्ही पैसे कापत नाही, तारीख पुढे ढकलून देतो. हौसेने धोका पत्करून येऊ नका.

कोणाला दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर रोजची औषधं दोन दिवस जास्तीची आणा. गावात दवाखाना आहे, पण मोठ्या उपचारांसाठी खाली उतरावं लागतं आणि त्यात वेळ जातो.

खोली सकाळी दहाला सोडायची. रविवारी दुपारनंतर शटलच्या खिडकीवर आणि खाली घाटातही गर्दी असते, त्यामुळे कोणाला पुढे गाडी किंवा विमान गाठायचं असेल तर जेवणाआधीच निघा. हमाल हवा असल्यास आदल्या रात्री सांगून ठेवा. सकाळी ऐनवेळी मिळेलच असं नाही. निघायला उशीर होणार असेल तर सामान आमच्या ओसरीवर ठेवून फिरून या, त्याचे पैसे पडत नाहीत.