ल्युकेमियाच्या पेशींना परिपक्व करणारे सीरममधले घटक

रक्तातल्या पांढऱ्या पेशी बोन मॅरोमध्ये तयार होतात, हळूहळू मोठ्या म्हणजे परिपक्व होतात आणि न्यूट्रोफिलसारख्या पेशी एकदा पूर्ण तयार झाल्या की त्यांचं विभाजन थांबतं. मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे या पेशींच्या एका ब्लड कॅन्सरमध्ये मात्र पेशी अर्धवट अवस्थेतच अडकतात आणि नुसत्या वाढत राहतात. मग त्यांना मारण्याऐवजी मोठं करता आलं तर?

जपानच्या इचिकावांनी १९६९ मध्ये उंदराच्या एम-१ ल्युकेमिया पेशींत हे घडतं असं दाखवलं, इस्रायलमध्ये लिओ सॅक्स याच वाटेवर होते. पण सीरमची (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पातळ भागाची) खरी गोष्ट मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधली. तिथे अँटनी बर्जेस आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी उंदरांना बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन हे विष टोचलं, मग त्यांचं सीरम घेऊन अगार या जेलीसारख्या पदार्थात वाढणाऱ्या वेही-३बी या ल्युकेमिया पेशींवर टाकलं, हे काम १९८० मध्ये छापून आलं. फरक मायक्रोस्कोपखाली सरळ दिसायचा: सीरम नसलेल्या डिशमध्ये कॉलनी घट्ट गोळ्यासारखी, कडा स्पष्ट, आणि सीरम मिळालेल्या कॉलनीभोवती सुट्या पेशींचं कडं, कारण परिपक्व पेशी बाहेर सरकायला लागतात. रंगवून पाहिलं की त्यात ग्रॅन्युलोसाइट आणि मॅक्रोफेज या परिपक्व पांढऱ्या पेशी सापडायच्या. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे अशा पेशींची पुन्हा नव्या कॉलनी उभ्या करायची ताकदही कमी होत जायची.

सीरममधला हे घडवणारा घटक पुढे १९८३ मध्ये निकोला, मेटकाफ वगैरेंनी शुद्ध केला, तो जी-सीएसएफ. १९८६ मध्ये माणसातलं त्याचं जीन क्लोन झालं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत फिलग्रास्टिम हे औषध मंजूर झालं. केमोनंतर न्यूट्रोफिल घसरले की देतात ते हेच इंजेक्शन, स्टेम सेल डोनरलाही तेच देतात. एम-१ पेशींना परिपक्व करणारा आणखी एक घटक म्हणजे लिफ, आणि गंमत म्हणजे उंदराच्या एम्ब्रियोनिक स्टेम सेलना (भ्रूणातल्या मूळ पेशींना) तो उलट परिपक्व होऊ देत नाही.

ल्युकेमियावरचं थेट औषध म्हणून मात्र जी-सीएसएफ चाललं नाही, कारण बऱ्याच पेशंटच्या ल्युकेमिया पेशी त्याने परिपक्व होण्याऐवजी वाढतातच. पेशी मोठ्या करायची कल्पना यशस्वी झाली ती शांघायमध्ये, वांग झेनयी यांच्या टीमने एपीएल (अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया) या प्रकारात 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं एट्रा हे औषध वापरलं तेव्हा, १९८८ चा त्यांचा पेपर प्रसिद्धच आहे. आता जास्त जोखीम नसलेल्या एपीएलमध्ये एट्रासोबत आर्सेनिक ट्रायऑक्साइड देतात आणि बहुतेक पेशंट बरे होतात. फक्त पेशी एकदम परिपक्व व्हायला लागल्या की ताप, धाप, अंगावर सूज असा त्रास होऊ शकतो, आणि नुसता संशय आला तरी डॉक्टर लगेच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करतात.