टॉवर स्पीकर घेण्याआधी खोली मोजा

दिवाणखान्यात सराउंड साउंड, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणारा स्पीकरसंच, बसवायचं ठरलं की नजर आधी उंच टॉवर स्पीकरवर जाते. कमरेपर्यंत येणारा खोका, त्यात खालच्या सुरांसाठी दोन-तीन वूफर, वर उंच सुरांसाठी छोटासा ट्वीटर. एवढ्या मोठ्या खोक्यातून खर्जही तेवढाच भरदार येणार, असं आपण गृहीत धरतो. ते अगदीच चुकीचं नाही. पण खर्ज हाच टॉवर निवडण्याचा पहिला निकष ठेवला, तर पैसे नको त्या गुणावर जातात, असं माझं ठाम मत आहे. कारण खर्ज कसा ऐकू येणार हे स्पीकरपेक्षा खोली जास्त ठरवते.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनांच्या) सुराची तरंगलांबी साडेआठ मीटर झाली. एवढी लाट बहुतेक घरांच्या खोलीत मावतच नाही. ती भिंतींवर आपटून परत येते, स्वतःमध्येच मिसळते आणि काही ठरावीक सुरांना खोलीत स्थिर तरंग तयार होतात. ५ मीटर लांबीच्या खोलीत असा पहिला सूर साधारण ३४ हर्ट्झला येतो, दुसरा ६९ च्या आसपास. पहिल्या सुराचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सर्वांत जास्त असतो आणि मधोमध जवळजवळ शून्य. सोफा खोलीच्या मध्यावर असेल तर तो सूर गायब होतो. तोच सोफा मागच्या भिंतीला टेकवला की सूर घुमायला लागतो. स्पीकर तोच, फक्त बसायची जागा बदलली. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली सगळीकडे हाच प्रकार चालतो. त्याच्या वर मात्र स्पीकरचा स्वतःचा स्वभाव ऐकू येतो.

म्हणूनच सराउंडमध्ये खालचा खर्ज सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे, सोपवतात. डावा आणि उजवा स्पीकर ऐकणाऱ्यापासून मध्यरेषेच्या ३०-३० अंशांवर असावा लागतो, त्यामुळे टॉवरची जागा जवळपास ठरलेली असते. ती जागा खर्जासाठीही चांगली निघेल, असं नाही. सबवूफर मात्र हवा तिथे सरकवता येतो, कारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा कळत नाही. सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या रिसीव्हरमध्ये बऱ्याचदा हीच ८० ची सीमा आधीच निवडलेली असते. टॉवर कितीही मोठा असला तरी रिसीव्हरच्या मेनूत त्याच्यासाठी ‘स्मॉल’ निवडावं, म्हणजे त्याचा खालचा खर्ज सबवूफरकडे जातो, हा सल्ला ऐकताना विचित्र वाटतो. पण तो बहुतेक वेळा योग्यच ठरतो.

मग टॉवर घ्यायचाच कशाला? ताकदीसाठी. तेवढ्याच जोराचा आवाज निम्म्या वारंवारतेला काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. छोट्या स्पीकरचा एकुलता एक वूफर इथे लवकर दमतो आणि आवाज फाटायला लागतो. टॉवरमध्ये दोन-तीन पडदे हे काम वाटून घेतात. ८० ते ३०० हर्ट्झचा पट्टा, म्हणजे पुरुषाच्या आवाजाचा पाया, चेलो, ड्रमचा आघात, मोठ्या आवाजातही स्वच्छ राहतो. मोठ्या खोक्याचा आणखी एक फायदा म्हणजे संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्ती दिल्यावर स्पीकर किती जोरात वाजतो ते. स्पीकरच्या रचनेत खोल खर्ज, जास्त संवेदनशीलता आणि लहान खोका या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. कुठल्या तरी एकीवर पाणी सोडावं लागतं.

संवेदनशीलतेचा आकडा डेसिबलमध्ये, म्हणजे आवाजाच्या जोराच्या मापात, देतात. तो समजून घेण्यासारखा आहे. दर ३ डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ८० वॅट लागतील, तिथे ९१ च्या स्पीकरला २० पुरतात. संवाद १ वॅटवर चालू असताना २० डेसिबल मोठा स्फोट आला, तर त्या क्षणापुरते १०० वॅट हवेत. मात्र माहितीपत्रक जपून वाचा. संवेदनशीलतेचं मोजमाप बहुधा २.८३ व्होल्टवर केलेलं असतं. ८ ओहम विद्युतरोधाच्या स्पीकरला त्यातून १ वॅट मिळतो, ४ ओहमच्या स्पीकरला २. म्हणजे ४ ओहमचा आकडा बसल्या जागी ३ डेसिबलने फुगतो आणि रिसीव्हरवरचा भारही वाढतो.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन या ध्वनियंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत, स्पीकर पडद्याआड ठेवून वर्षानुवर्षं श्रवणचाचण्या घेतल्या. लोकांना आवडणारे स्पीकर पुन्हा पुन्हा एकाच जातीचे निघाले: समोरून ज्यांचा प्रतिसाद सपाट आहे, म्हणजे सगळे सूर सारख्या जोराने येतात, आणि बाजूंना जाणारा आवाज ज्यांचा एकसारखा, हळूहळू उतरत जातो, असे. १९९४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर पडद्याआड आणि उघड, अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. ऐकणाऱ्यांमध्ये सरावलेलेही होते, तरी छोटा, साधा दिसणारा संच डोळ्यांसमोर आला की त्याचे गुण घसरले. डोळे कानांना इतके सहज फसवतात.

बाजूला जाणाऱ्या आवाजाला एवढं महत्त्व का? कारण तो बाजूच्या भिंतीवरून काही मिलिसेकंदांत आपल्यापर्यंत येतो आणि मेंदू त्याला मूळ आवाजातच मिसळून टाकतो. त्याचा पोत वेगळा असेल, तर एकूण आवाजच बिघडतो. याची परीक्षा सोपी आहे. ओळखीच्या माणसाचं ध्वनिमुद्रित बोलणं लावा आणि स्पीकरसमोरून हळूहळू बाजूला चालत जा. आवाज अचानक कोंदट किंवा पोकळ झाला, तर तो स्पीकर सोडून द्या.

हीच परीक्षा सेंटर स्पीकरची, म्हणजे पडद्याच्या मधोमध ठेवायच्या स्पीकरची, जास्त कडक घ्यावी, कारण चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. ट्वीटरच्या दोन्ही बाजूंना एकेक वूफर, अशा आडव्या रचनेत कडेला बसलेल्याला दोन्ही वूफरचा आवाज थोड्या वेगवेगळ्या वेळी पोहोचतो, काही सूर एकमेकांना खोडतात आणि शब्द अस्पष्ट होतात. सेंटर आणि टॉवर एकाच मालिकेतले असावेत. पैसे कमी पडले तर टॉवर एक पायरी लहान घ्या, सेंटरवर काटकसर नको.

खोक्याच्या मागे भोक दिसलं तर तो पोर्ट. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती जशी घुमते, तसंच आतली हवा ठरावीक सुराला घुमवून खर्ज वाढवायची ही युक्ती. अल्बर्ट थुरास यांना तिचं पेटंट १९३२ मध्ये मिळालं. असा टॉवर भिंतीला चिकटवून चालत नाही. अंतर ठेवतानाही हिशेब असतो. वूफर मागच्या भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर भिंतीवर जाऊन परतलेला आवाज १४० हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला कापतो. म्हणून टॉवर थोडा पुढे-मागे सरकवून ऐकावा आणि मगच जागा पक्की करावी.

सबवूफरची जागा शोधायची तर तो आधी सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा. खर्जाचे बरेच सूर असलेलं संगीत लावा आणि जिथे जिथे तो ठेवणं शक्य आहे, तिथे खाली वाकून कान लावा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो. जिथे सगळे सूर सारख्या जोराने ऐकू येतील, सबवूफर तिथे ठेवायचा.